दाराचं, स्टुलाचं, भिंगाचं

पेंटरबाईंकडे कुणी घासाघीस केली की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं असायचं. "मागं सरा."

गिऱ्हाईक आधी चक्रावायचं. त्याला वाटायचं, बाई रागावल्या. पण त्या रागावलेल्या नसायच्या, दर कमी करत असायच्या. आमच्या शेडच्या फरशीवर त्यांनी लाल चिकटपट्टीचे तीन तुकडे लावले होते. एक दारात, एक मधल्या स्टुलापाशी आणि एक थेट त्यांच्या टेबलाला लागून. टेबलावर भिंग. रंगवलेलं बाहुलं त्या टेबलावरच्या ठोकळ्यावर उभं करायच्या आणि विचारायच्या, "कुटनं बघणार?" दारातल्या पट्टीवरून बघून जो खूश, त्याला दाराचा दर. स्टुलाचा दर त्याच्या तिप्पट. आणि ज्याला भिंगाखाली धरून भुवईचा केसन्‌केस बघायचाय त्याला भिंगाचा दर. तो ऐकला की बहुतेक लोक आपण होऊन स्टुलापाशी यायचे. "काही कमी करा ना" म्हटलं की "मागं सरा." "अजून थोडं" म्हटलं की "अजून मागं." एक बहाद्दर असाच मागे सरत सरत दाराबाहेर गेला, पायरी उतरला आणि पुण्याजवळच्या मारुंजीच्या त्या अरुंद रस्त्यावर टेम्पो आणि बाइकच्या गर्दीत जाऊन उभा राहिला. बाईंनी आतून ओरडून विचारलं, "दिसतंय का?"

"नाही!"

"मग फुकट न्या!"

बाहुलं म्हणजे करंगळीच्या निम्म्याएवढं. मी तेव्हा हिंजवडीतली नोकरी सोडून मारुंजीत पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं होतं आणि एक थ्रीडी प्रिंटर मांडून बसलो होतो. बिल्डरांच्या विक्री ऑफिसात इमारतींची मॉडेलं असतात, त्यांतली बागेत फिरणारी, हसरी, सुखी माणसं मी छापायचो. शिवाय आयटीतली काही मंडळी शनिवार-रविवारी टेबलावर सैन्य मांडून लढाया खेळतात, त्यांचे राक्षस आणि सरदारही छापायचो. छापून निघतं ते सगळं राखाडी. त्याला रंग देणारं कुणीतरी हवं म्हणून मी दारावर कागद चिकटवला, आणि दुसऱ्याच दिवशी पन्नाशीच्या एक बाई आत आल्या. खांद्याला पिशवी, नाकावर एकावर एक असे दोन चष्मे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाल्या, "तुमचा कागद रस्त्यावरनं वाचता येत न्हाई. मी बसमधनं उतरून वाचला. बसचे पैसे द्या."

मी दिले. त्या दिवसापासून त्या शेडमध्ये मालक कोण हा प्रश्न मिटला.

पौडच्या बाजारात त्यांच्या अब्बांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. बाई लहानपणापासून त्यांच्या हाताखाली. अब्बांचा दर अक्षरांच्या संख्येवर नव्हता, पाटी कुठून वाचायची त्यावर होता. दुकानात शिरताना वाचायची पाटी स्वस्त, धावत्या एस.टी.तून वाचायची पाटी महाग. पुढे फ्लेक्स आले आणि ते दुकान बसलं. पण बाईंच्या डोक्यातून अब्बांचा हिशेब काही गेला नाही, त्यांनी तो फक्त उलटा करून आमच्याकडे आणला. तिथे लांबचं महाग होतं, इथे जवळचं. रस्त्याने माझ्या स्कूटरवर मागे बसल्या की त्या सगळ्या फ्लेक्सवर तोंडसुख घ्यायच्या. "तो फोन नंबर बघा. कुनासाटी लिवलाय, मुंग्यांसाटी?" 

मी आपला शिकलेला माणूस. एकदा मी सुंदर छापील दरपत्रक करून आणलं. सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा तीन श्रेणी, प्रत्येकीखाली काय काय मिळेल त्याची नक्षीदार यादी. बाईंनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं आणि म्हणाल्या, "मी काय लग्नाचा हॉल हाय?" मग त्यावर रंगाच्या बाटल्या ठेवायला सुरुवात केली. ते दरपत्रक बऱ्याच दिवसांनी माझ्या हाती लागलं तेव्हा त्यावर नुसती वर्तुळं होती.

ब्रशला टोक आणायला त्या तो जिभेवर फिरवायच्या. विषारी असतं म्हणून मी कितीदा ओरडलो. त्या जीभ दाखवायच्या, ती हिरवी असायची. सकाळी त्या तोंड उघडून "चहा" म्हणाल्या की आज राक्षस चाललेत की बिल्डरची माणसं, ते मला कळायचं. चहा मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय प्यायच्या नाहीत, आणि दोनदा तरी ब्रश त्यात बुडवून मग प्यायच्या.

दाराच्या कामाला त्या डोळे काढत नसत. कातडीचा रंग, कपडे, केस आणि भुवईखाली तपकिरी सावलीचा एक फराटा, बस. यावरून भांडणं व्हायची. हिंजवडीचा एक पोरगा अख्खं सैन्य घेऊन आला होता. शिपायांना दाराचा दर आणि सेनापतीला भिंगाचा, असा त्याचा बेत. बाई खूश झाल्या. "शहाना हायेस. फौज लांबनंच बघायची आसती." पण त्या शहाण्याने घरी जाऊन शिपायांचे मोबाइलवर मोठे फोटो काढले, इंटरनेटवर टाकले आणि लोक म्हणाले, हे आंधळे कसे? तो तणतणत आला. बाईंनी त्याचा मोबाइल घेतला, दारातल्या पट्टीवर जाऊन तिथून फोटो काढला आणि परत दिला. "आता टाक." पोरगा हसला आणि पुढच्या महिन्यात दुसरं सैन्य घेऊन आला, तेही दाराचंच.

डोळा काढताना मात्र त्यांच्या आसपास फिरकायची सोय नव्हती. श्वास धरायच्या, ब्रशचं टोक टेकवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "हं, बघ आता." बाहुल्याला म्हणायच्या. डोळा तिरका गेला तर त्यालाच शिव्या बसायच्या.

आता त्या आक्कांचं सांगतो. त्यांचं सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत.

आक्का मुलाच्या मोटारीतून आल्या. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी लुगडं आणि पायात मुलाने आणलेले पांढरे बूट. घर मारुंजीतलंच. शेत होतं तिथे आता सोसायट्या उभ्या होत्या. मुलाने नवा बंगला बांधला होता आणि त्याच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात वडलांची छोटी मूर्ती ठेवायचं त्याच्या मनात होतं. वडील जाऊन खूप वर्षं झाली होती. फोटो एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातला. मांडवाच्या टोकाला मागच्या रांगेत एक टोपीवाला माणूस, चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा.

"तोंड इसराय लागलेय मी," आक्का मधेच म्हणाल्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. "आवाज येतो ध्यानात. तोंड समोर आनाय गेलं की पळतं. तेवढं करून द्या बाई. मी जायच्या आधी एकदा बघू द्या."

पेंटरबाईंनी दोन्ही चष्म्यांतून फोटो बघितला आणि परत दिला. "हा फोटो दारातला हाय. ह्याच्यावरनं भिंगाचं काम व्हायचं न्हाई."

"पैशाचा प्रश्न नाही," मुलगा म्हणाला. "तुम्ही भिंगाचाच दर लावा."

"दर लावीन हो. नाक कुटनं लावू?"

मुलगा गप्प बसणाऱ्यातला नव्हता. आठवड्याभराने तो परत आला तो मोठा छापलेला फोटो घेऊनच. मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपमधून त्याने जुना फोटो साफ करून घेतला होता. समोर बसवून काढावा तसा चेहरा. कपाळावरच्या आठ्या, दोन दिवसांची दाढी, डोळ्यांच्या कडेची लाली, सगळं होतं. मी बघतच राहिलो. आणि बाई भुलल्या. त्यांना दोष तरी काय द्यायचा? भिंगाचं काम वर्षातून एखादं यायचं, तेही कुठल्या तरी राक्षसाचं. खऱ्या माणसाचं तोंड भिंगाखाली करायला मिळावं म्हणून त्या किती आसुसल्या होत्या, ते मला त्या दिवशी कळलं. "आता कसं जवळ आला," त्या फोटोला म्हणाल्या.

असं काम मी पुन्हा पाहिलं नाही. टोपीची शिवण दिसत होती. गालावर दाढीचे पांढरे ठिपके होते, आणि ते ठिपके एकसारखे नव्हते, हनुवटीवर दाट होते. भिंगातून बघितलं की तो माणूस आता शिंकेल असं वाटायचं. मी बाईंना तसं सांगितलंही. त्या दिवशी त्यांनी चहा गरम प्यायला.

आक्का आल्या. बाईंनी त्यांना हाताला धरून तिसऱ्या पट्टीवर नेलं आणि भिंग पुढे ओढून दिलं. आक्का वाकल्या. पुष्कळ वेळ बघत राहिल्या. एकदा डोळे पुसले, परत वाकल्या.

"आसंच आसतील," त्या म्हणाल्या.

"आसतील म्हंजे?" बाईंनी विचारलं.

"पोरगं म्हनतंय ना. फोटूत पन हायेच की. माझंच ध्यान ऱ्हात न्हाई आता." आणि त्या ओशाळं हसल्या, जणू चूक त्यांचीच होती. "ऱ्हाऊ द्या. बघून बघून सवय हुईल."

बाईंनी हात पुढे केला, ठोकळ्यावरचं बाहुलं उचललं आणि मुठीत घेतलं.

"अहो, आई चालेल म्हणाली ना," मुलगा म्हणाला. "मस्त झालंय. द्या, मी पैसे आणलेत."

"चालेल म्हनाल्या. ह्येच हायेत असं न्हाई म्हनाल्या." बाईंचा आवाज चढला होता. "ह्यो मानूस त्या यंत्रानं बनवलाय. कुनाचा कोन म्हाईत न्हाई. ह्येला तुमी कपाटात ठेवला की आक्का रोज ह्येला बघनार. मग जो काय थोडा ऱ्हायलाय त्यांच्याकडं, त्यो बी जानार. मी न्हाई देत."

मुलगा वैतागून बाहेर फोनवर बोलायला गेला. खरं सांगायचं तर मलाही बाईंचा राग आला होता, एवढं देखणं काम मुठीत दाबून बसलेल्या बघून. पण आक्कांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझा राग गेला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं.

मुठीतल्या त्या बाहुल्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. एका बिल्डरने फाटकाचं वेगळं, मोठ्या मापाचं मॉडेल सांगितलं होतं. बाईंनी त्या फाटकाशी, मोटारी आणि कुत्री फिरवणाऱ्या बायकांच्या मधोमध, धोतर-टोपीतला हा गृहस्थ चिकटवून टाकला. बिल्डरचा मॅनेजर विचारायला आला, हा कोण? बाई म्हणाल्या, "जमिनीचा मूळ मालक." आमचं शेड आता राहिलेलं नाही, तिथे गाड्या धुतात, आणि बाई पौडला परत गेल्या. पण तो गृहस्थ त्या विक्री ऑफिसात अजून उभा आहे. पुणे जिल्ह्यातलं सगळ्यात बारीक काम, आणि लोक त्याच्यावर वाकून टू-बीएचकेची गॅलरी बघतात.

तर मुलगा बाहेर गेला आणि बाईंनी आक्कांना स्टुलावर बसवलं. "आक्का, खरं सांगा. तुमी त्यांला बघायच्या कुटनं?"

"कुटनं म्हंजे?"

"म्हंजे लांबनं का जवळनं?"

आक्कांनी आधी दाराकडे बघितलं, मुलगा ऐकत नाही ना म्हणून. मग माझ्याकडे. मी प्रिंटरमध्ये डोकं घातलं.

"घरात सासू-सासरे, दोन दीर. तोंड वर करून नवऱ्याकडं बघायची टाप हुती व्हय? वाढताना पाय दिसायचे. राती दिवा न्हाई. बघायची ती बांधावरनं. डोक्यावर भाकरी घिऊन जायची ना मी शेतावर. तवा लांबनं दिसायचे. तितं कुनी नसायचं. तवा पोट भरून बघून घ्यायची."

"आन् ते काय करायचे?"

"काय करनार? खोरं घिऊन उभे. मी दिसले की टोपी काढायचे आन् मान पुसायचे टोपीनं. रोज. भूक लागली म्हंजे."

"कुटल्या हातानं?"

आक्कांनी डोळे मिटले. त्यांचा डावा हात आपोआप मानेमागे गेला. "ह्या."

बाई उठल्या. मूठ अजून मिटलेलीच होती. "आक्का, तुमी तोंड न्हाई इसरला. तुमी त्ये कधी बघितलंच न्हाई. जे बघितलं त्ये तुमच्यापाशी हाय. त्ये मी करते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्कूटर काढायला लावली. कुठे, तर ताम्हिणीकडे. भातकापणी चालली होती. मारुंजीत आता बांध उरला नव्हता, आणि बाईंना बांधावरून लांबचा माणूस बघायचा होता. एका खाचराच्या कडेला त्या ठाण मांडून उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या एका गड्याकडे टक लावून बघायला लागल्या. बराच वेळ त्याने सहन केलं.

"कोन पायजे?" तो ओरडला.

"कोन न्हाई! तुमी उभं ऱ्हावा!"

"का?"

"बघायचंय!"

"सर्वेवाल्या हाय का तुमी? जमीन द्यायची न्हाई आमाला!"

"जमीन ऱ्हाऊ द्या तुमची! टोपी काढून मान पुसा!"

त्याची बायको शेजारच्या वाफ्यात खो खो हसत सुटली. "पुसा की वो," ती म्हणाली, "फुकाट हाय." आणि त्या बिचाऱ्याने खरोखर टोपी काढून मान पुसली. बाई पुन्हा पुन्हा पुसायला लावत होत्या. परतताना त्या स्कूटरवर मागून मला सांगत होत्या की लांबून माणसाचं फक्त वजन दिसतं, ते कुठल्या पायावर आहे तेवढं. बाकी सगळं आपण आपल्या पदरचं भरतो.

त्यानंतर बाईंनी माझ्या प्रिंटरला या कामाला हात लावू दिला नाही. तार वाकवून त्यावर पुटीच्या लगद्याने त्या स्वतः आधीच्यापेक्षा मोठा, बोटभर उंचीचा माणूस घडवायला लागल्या. घडवायच्या, ठोकळ्यावर ठेवायच्या, दारात जाऊन बघायच्या, परत येऊन मोडायच्या. दुसरी कामं पडून राहिली. बिल्डरचे फोन मी घ्यायचो आणि खोटं बोलायचो. एकदा न राहवून मी म्हटलं, "बाई, मुलाचा फोनसुद्धा येत नाही आता. त्याने नाद सोडला असेल."

"त्यानं सोडला आसंल," त्या दारातून म्हणाल्या. "मी न्हाई." आणि येऊन आणखी एक मोडला.

अखेर एके सकाळी त्यांनी मला मुलाला फोन करायला सांगितलं.

मुलगा आला तो नाराजीनेच. आक्का मागून आल्या. बाईंनी त्यांना आत येऊच दिलं नाही. "तितंच थांबा, पट्टीवर." मग टेबलापाशी जाऊन त्यांनी ठोकळ्यावरचा रुमाल उचलला.

मुलगा सरळ भिंगापाशी गेला. "ह्याला तोंडच नाहीये," तो म्हणाला. "डोळे नाहीत, काही नाही. नुसता तपकिरी रंग. हात आडवा आलाय वर." तो म्हणत होता ते खरं होतं. भिंगाखाली ते बाहुलं म्हणजे नुसते ओबडधोबड फराटे होते. "आणि हे कुठल्या दरात बसतं म्हणे?"

"अब्बांच्या," बाई म्हणाल्या. त्याला ते कळलं नाही. मला कळलं, आणि ते किती होतं ते मी त्याला नंतर सांगितलं तेव्हा त्याने ते तिथल्या तिथे मोजून दिले. 

कारण तेवढ्यात आक्का मागे सरल्या.

आधी एक पाऊल, मग आणखी एक. दाराची पट्टी मागे पडली. त्या उलट्या पावलांनीच पायरी उतरल्या, चाचपडत. नजर ठोकळ्यावरून हलली नाही. "आई, कुठं चाललीस?" मुलगा पुढे झाला, तर बाईंनी त्याचा दंड धरला. "जाऊ द्या त्यांला. त्यांला त्यांची जागा म्हाईत हाय."

आक्कांनी रस्ता तसाच ओलांडला. बाइकवाले हॉर्न मारून बाजूने गेले. समोर किराणा दुकानाचा ओटा होता, त्याच्या कडेवर चढून त्या उभ्या राहिल्या, बांधावर राहावं तशा. मध्ये विटांचा एक टेम्पो आला आणि नेमका आडवा थांबला. आक्का वाकून त्याच्या हौद्याखालून बघायला लागल्या.

टेम्पो हलला. आक्का सरळ झाल्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे घेतला, नीट, कानामागून, नव्या सुनेने घ्यावा तसा. मग एक हात वर गेला आणि डोक्यावर काहीतरी धरल्यासारखा तिथेच राहिला.

"आलेऽ!" त्यांनी हाक दिली. शेतापलीकडे जावी अशी हाक. किराणावाला उठून बाहेर आला. "आले वोऽ, आले!"

आणि दोन्हीकडे न बघता त्या भर रस्त्यात उतरल्या. मुलगा आणि मी हात वर करून गाड्या थांबवायला धावलो. बाई टेबलापाशीच राहिल्या. त्यांनी ठोकळा दोन्ही हातांनी धरला होता आणि आक्का जसजशा जवळ येत होत्या, तसतशा त्या तो हळूहळू मागे सरकवत होत्या.